अंगावर उठणारं पित्त आणि थायरॉईड: अ‍ॅलर्जी आणि ऑटोइम्यून आजारांचा संबंध काय?

शेवंती

थायरॉईडच्या धाग्यावर एका ताईंनी विचारलं होतं: अंगावर सारखं पित्त उठतं म्हणून त्वचेच्या डॉक्टरांना दाखवलं, तर त्यांनी अँटी-टीपीओ (थायरॉईडविरुद्धच्या अँटीबॉडीची रक्ततपासणी) करून आणायला सांगितलं. खाज अंगाला आणि तपासणी गळ्यातल्या ग्रंथीची, हे काय गौडबंगाल? तिथे उत्तर लिहायला घेतलं आणि ते लांबतच गेलं, म्हणून वेगळा धागा.

मी डॉक्टर नाही. कॉलेजात मायक्रोबायॉलॉजी शिकवते, इम्युनॉलॉजीचा पेपर वर्षानुवर्षं माझ्याच गळ्यात आहे. शिवाय माझ्या धाकट्या जावेला हाशिमोटो थायरॉईड (शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच थायरॉईडवर उलटते तो आजार) आणि पित्त दोन्ही आहे, त्यामुळे हा विषय आमच्याकडे जेवतानाही निघतो. इथल्या डॉक्टर मंडळींनी भर घालावी.

आपण ज्याला पित्त उठणं किंवा गांधी येणं म्हणतो ते अर्टिकेरिया. त्वचेतल्या मास्ट पेशींमधून हिस्टामाइन बाहेर पडतं आणि लालसर, फुगीर, जीव खाणारी खाज असलेले चट्टे येतात. एक जागा शांत होते तोवर दुसरी उठते. सहा आठवड्यांच्या आत थांबलं तर तात्पुरतं, त्यापुढे रेंगाळलं तर जुनाट. कोळंबी खाल्ली आणि तासाभरात अंग भरून आलं, हे तात्पुरत्यात. तिथे कारण बऱ्याचदा सापडतं: एखादा पदार्थ, औषध, नुकताच येऊन गेलेला ताप. जुनाट पित्तात मात्र खाण्यातला गुन्हेगार क्वचितच सापडतो. तरी घरोघरी शोध चालूच. जाऊबाईंनी आधी वांगं सोडलं, मग आंबट, मग दही, मग अंडी, मग बाहेरचं सगळं. पित्त आपलं संध्याकाळी सातच्या सुमाराला हजर, कमरेच्या इलॅस्टिकखाली आणि पर्सचा पट्टा घासतो त्या खांद्यावर.

खाण्यात काही नाही, तर मग मास्ट पेशी चिडतात कशावर?

थोडं मागे जाते. १९२१ साली ब्रेस्लाऊमध्ये (तेव्हाचं जर्मनी, आता पोलंड) प्राउस्निट्झ आणि क्युस्टनर या दोघांनी एक प्रयोग केला. क्युस्टनरला शिजवलेल्या माशाची अ‍ॅलर्जी होती. त्याच्या रक्तातला सिरम (रक्त गोठल्यावर वर उरणारं पाणी) प्राउस्निट्झने स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. प्राउस्निट्झला मासे खुशाल चालायचे, पण त्या जागी गांधी उठली. म्हणजे अ‍ॅलर्जी रक्तातल्या कुठल्यातरी घटकात असते आणि तो घटक दुसऱ्याला देता येतो. हा घटक म्हणजे आयजीई अँटीबॉडी, हे कळायला १९६० च्या दशकाचा उत्तरार्ध उजाडला. डेन्व्हरला इशिझाका पतिपत्नी आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिख, दोन्हीकडे जवळपास एकाच सुमारास.

आता जुनाट पित्ताची एक चाचणी बघा. ती १९८० च्या दशकात पुढे आली, स्वस्त असल्यामुळे आपल्याकडच्या मेडिकल कॉलेजांच्या त्वचा विभागांतही करतात. रुग्णाचंच रक्त काढायचं, सिरम वेगळा करायचा, त्यातला थेंबभर त्याच्याच हातावर त्वचेत टोचायचा आणि शेजारी तेवढंच सलाईन. अर्ध्या तासाने मोजपट्टी लावायची. सलाईनची जागा जवळजवळ सपाट आणि सिरमच्या जागी टपोरी गांधी, असं बऱ्याच रुग्णांत दिसतं. प्राउस्निट्झला मासा तरी लागला होता. इथे बाहेरचं काहीच लागत नाही.

१९९३ मध्ये यामागचं एक कारण समोर आलं. मास्ट पेशीवर आयजीई ज्या रिसेप्टरवर बसते, त्या रिसेप्टरविरुद्धच काही रुग्णांच्या शरीराने अँटीबॉडी तयार केलेल्या असतात. स्वतःच्याच घटकाविरुद्ध अँटीबॉडी, म्हणजे व्याख्येनुसार हा ऑटोइम्यून आजार झाला. आणि खाज तर हिस्टामाइनची, म्हणजे अ‍ॅलर्जीची! म्हणून तर सिट्रिझिनने बरं वाटतं.

दुसरा गट याहून मजेशीर आहे. हाशिमोटोत थायरॉईडच्या टीपीओ या प्रथिनाविरुद्ध अँटीबॉडी असतात, त्या आयजीजी जातीच्या. जुनाट पित्ताच्या काही रुग्णांत टीपीओविरुद्ध चक्क आयजीई सापडते. म्हणजे शेंगदाण्याची असावी तशी स्वतःच्या थायरॉईडची अ‍ॅलर्जी. याला हल्ली ऑटोअ‍ॅलर्जी म्हणू लागलेत.

तर त्या ताईंचे डॉक्टर योग्य दिशेने चाललेत. जुनाट पित्ताच्या रुग्णांत थायरॉईडच्या अँटीबॉडी इतरांपेक्षा जास्त वेळा सापडतात. शिवाय एकूण आयजीई कमी आणि अँटी-टीपीओ जास्त असेल तर रिसेप्टरवाला प्रकार असण्याची शक्यता वाढते, आणि औषध निवडायला त्याचा उपयोग होतो.

अ‍ॅलर्जी आणि ऑटोइम्यून हे दोन्ही एकत्र असलेले इथे आणखी कोण आहेत?

---

तांबडं_पांढरं

छान लिहिलंय. आमच्या आईला होतं हे. आजी आमसुलं पाण्यात भिजवून ते पाणी अंगाला चोळायची. त्याला काही शास्त्रीय आधार आहे का? बरं तर वाटायचं.

---

शेवंती

गार पाण्याने खाज कमी होते एवढं नक्की. त्यात आमसुलाचा वाटा किती, ते आमसूलच जाणे. (काही जणांना गार पाण्यानेच पित्त उठतं, त्यांनी हा उपाय करू नये.) चट्टा तसाही काही तासांत विरतो, त्यामुळे शेवटी जे लावलं असेल त्याला श्रेय मिळतं.

---

खडीसाखर

त्वचारोगतज्ज्ञ आहे, म्हणून चार गोष्टी जोडतो.

जुनाट पित्ताचं निदान बोलण्यातून आणि बघण्यातून होतं. मी पहिला प्रश्न विचारतो तो हा की एक चट्टा किती वेळ टिकतो. पेनाने कडा आखा, मोबाईलवर फोटो काढा, दुसऱ्या दिवशी बघा. २४ तासांच्या आत मागमूस न ठेवता गेला तर साधं पित्त. तिथेच राहिला, खाजेपेक्षा जळजळ-दुखणं जास्त असलं आणि जाताना जखम झाल्यासारखा काळपट डाग ठेवून गेला, तर ती त्वचेतल्या रक्तवाहिन्यांची सूज असू शकते. तेव्हा आम्ही त्वचेचा तुकडा तपासतो आणि ल्युपसचा (सांधे, त्वचा, मूत्रपिंड अशा अनेक अवयवांना ग्रासणारा ऑटोइम्यून आजार) विचार करतो. अ‍ॅलर्जी समजून वर्षभर गोळ्या खाल्ल्या आणि निघाला ल्युपस, असं होतं ते बहुधा इथे.

खाज असो वा नसो, सरसकट एएनए (स्वतःच्याच पेशींविरुद्धच्या अँटीबॉडी शोधणारी रक्ततपासणी) करून घेऊ नका. १:८० या पातळीला ती चाचणी ठणठणीत माणसांतही शंभरातल्या तेराएक जणांत पॉझिटिव्ह येते. मग नेटवर वाचून रात्रभर जागरण. सांधे सुजतात, उन्हाने चेहरा लाल होतो, तोंड येतं, लघवीतून प्रथिनं जातात, असं काही असेल तरच त्या चाचणीला अर्थ.

दोनशे पदार्थांचं 'फूड इन्टॉलरन्स' पॅकेज तर घेऊच नका. त्यात आयजीजी मोजतात. आयजीजी म्हणजे तो पदार्थ तुम्ही खाता एवढाच पुरावा. लोक रिपोर्ट घेऊन येतात आणि त्यात लाल शाईत तांदूळ, दूध, हळद.

औषधाचं म्हणाल तर झोप न आणणाऱ्या अँटीहिस्टामाइन गोळ्या रोज, नियमित घ्यायच्या, पित्त उठेल तेव्हाच नव्हे. नेहमीच्या डोसने भागलं नाही तर चौपटीपर्यंत वाढवता येतो, अर्थात डॉक्टरच्या देखरेखीखाली. त्यानेही भागलं नाही तर ओमालिझुमॅब. हे इंजेक्शन आयजीईलाच पकडतं. अमेरिकेत २००३ साली दम्यासाठी आणि २०१४ साली जुनाट पित्तासाठी मान्यता मिळाली. शेवंती म्हणतात त्या ऑटोअ‍ॅलर्जी गटात त्याचा गुण पटकन, कधी आठवड्याच्या आत दिसतो. रिसेप्टरवाल्या गटात उशिरा किंवा अजिबात नाही, आणि तिथे सायक्लोस्पोरिन उपयोगी पडतं. ते मूळचं मूत्रपिंड रोपणातलं औषध.

आणि डोकं दुखलं की आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक, ही सवय पित्ताच्या रुग्णांनी सोडावी. बऱ्याच जणांचं त्याने भडकतं.

---

सुपारी_कातरणारी

@खडीसाखर, थायरॉईडची गोळी चालू केली की पित्त जाईल का? माझं टीएसएच नॉर्मल आहे, पण अँटी-टीपीओ ६०० च्या वर.

---

खडीसाखर

टीएसएच नॉर्मल असताना निव्वळ पित्तासाठी थायरॉक्सिन द्यायला पुरेसा आधार नाही. काही छोट्या अभ्यासांत फायदा दिसला, काहींत नाही. दरवर्षी टीएसएच बघत राहा, वाढलं तर गोळी थायरॉईडसाठी. आणि ६०० म्हणजे ३०० च्या दुप्पट वाईट असा हिशेब अँटी-टीपीओचा नसतो.

---

कोपरखळी

एवढं सगळं वाचण्यापेक्षा इम्युनिटी वाढवा ना. रोज सकाळी गुळवेलीचा काढा. आमच्याकडे कोविडपासून चालू आहे, सर्दीसुद्धा नाही.

इम्युनिटी म्हणजे सोसायटीचा वॉचमन. वॉचमन अशक्त असला की चोर आणि पाहुणा यातला फरक त्याला कळत नाही.

---

शेवंती

हे वॉचमन प्रकरण मी दरवर्षी पेपरात तपासते. :) इथे वॉचमन अशक्त नाहीये हो, नको तितका उत्साही आहे. त्याला खुराक देऊन काय होणार?

गुळवेलीचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण ते नेमकं या विषयात येतं. २०२१ साली मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. यकृताचा तुकडा तपासल्यावर चित्र ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखं दिसत होतं. काही रुग्णांना आधीच थायरॉईडसारखा ऑटोइम्यून आजार होता. पुढच्या वर्षी देशातल्या अनेक केंद्रांनी मिळून त्रेचाळीस रुग्णांचा अहवाल दिला. आयुष मंत्रालयाचं म्हणणं असं की गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी. वाद संपलेला नाही. पण ज्यांना हाशिमोटो, ल्युपस, सोरायसिस असं काही आहे त्यांनी 'इम्युनिटी वाढवणारं' काहीही मनाने घेऊ नये, या मताची मी आहे. उत्साही यंत्रणेला आणखी चेव आणायचा कशाला?

---

कोपरखळी

बरं बाई. काढा बंद. चहा तरी चालेल ना?

---

उत्तरध्रुव

नोकरीमुळे बरीच वर्षं फिनलंडमध्ये आहे. इथे दर चार मुलांमागे एकाला काही ना काही अ‍ॅलर्जी असावी असं शाळेच्या डब्यांच्या सूचना वाचून वाटतं (हा माझा अंदाज, आकडेवारी नाही). टाईप १ डायबेटिसमध्ये तर हा देश जगात पहिला.

पूर्वेच्या सीमेपलीकडे रशियाचं कारेलिया. दोन्हीकडची माणसं आनुवंशिकदृष्ट्या बरीचशी जवळची, हवामान तेच, जंगल तेच. तरी टाईप १ डायबेटिस पलीकडच्या मुलांत सुमारे सहा पटींनी कमी आढळला. सीलिअ‍ॅकही (गव्हातल्या ग्लुटेनने आतडं बिघडण्याचा आजार) कमी आणि परागकणांची अ‍ॅलर्जीही कमी. इथल्या संशोधकांनी यावर बरंच काम केलंय. पलीकडच्या घरांतलं पाणी, धूळ, बाळांच्या आतड्यातले जंतू, सगळं वेगळं निघालं.

माझा प्रश्न असा. आमच्या वेळी बीएस्सीला शिकवलं होतं की टीएच-१ आणि टीएच-२ अशा दोन प्रकारच्या पेशी असतात आणि एक वर गेली की दुसरी दबते. टीएच-१ म्हणजे ऑटोइम्यून, टीएच-२ म्हणजे अ‍ॅलर्जी. मग फिनलंडमध्ये दोन्ही एकदम कशा वाढल्या?

---

शेवंती

वा, हाच प्रश्न हवा होता.

टीएच-१/टीएच-२ ची मांडणी मॉसमन आणि कॉफमन यांची, १९८६ ची. सुटसुटीत होती, म्हणून पाठ्यपुस्तकांत घट्ट बसली. त्यावरून भाकीत असं निघायचं की अ‍ॅलर्जी असलेल्याला ऑटोइम्यून आजार सहसा होणार नाही. काही अभ्यासांत तसं दिसलंही. पण २००१ मध्ये निरनिराळ्या देशांचे आकडे शेजारी ठेवले तेव्हा उलटंच चित्र आलं: जिथे मुलांत दमा जास्त तिथे टाईप १ डायबेटिसही जास्त. पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या झाँ-फ्रान्स्वा बाख यांनी मांडलं की गेल्या काही दशकांत श्रीमंत देशांत संसर्गजन्य आजार घटत गेले आणि त्याच काळात दोन्ही प्रकारचे आजार चढत गेले. मूळ कल्पना ब्रिटनच्या स्ट्रॅचनची, १९८९ ची. त्याला दिसलं होतं की घरात भावंडं जितकी जास्त तितका परागकणांचा त्रास कमी.

दोन्ही एकदम वाढतात तर बिघाड दोन्हींच्या वर कुठेतरी असला पाहिजे. तो सापडला एका उंदरात. अमेरिकेत ओक रिजच्या प्रयोगशाळेत १९४० च्या दशकात काही नर पिल्लं जन्मली, त्वचा खवल्यांची, काही आठवड्यांत मरणारी. त्यांच्या टी पेशी (संरक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, टीएच-१ आणि टीएच-२ त्यातल्याच) स्वतःच्याच अवयवांवर तुटून पडत होत्या. त्यातला दोषी जीन मेरी ब्रुन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये शोधला: फॉक्स-पी-३. त्याच जीनमध्ये दोष असलेली मुलंही होती. जपानच्या शिमोन साकागुची यांनी १९९५ पासून एका वेगळ्या जातीच्या टी पेशी दाखवून दिल्या होत्या, ज्या इतर टी पेशींना आवर घालतात. या नियामक पेशी घडवतो तो हाच जीन, हे नंतर जुळलं. तिघांना २०२५ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं.

आता त्या मुलांचा आजार बघा, आयपेक्स म्हणतात त्याला. तान्ह्या मुलग्याला टाईप १ डायबेटिस, न थांबणारे जुलाब, बऱ्याचदा थायरॉईडचा बिघाड. आणि त्याच बाळाला अंगभर एक्झिमा, आयजीई भरमसाट वाढलेली, कित्येकदा दुधाअंड्याची अ‍ॅलर्जी. एक जीन बिघडला आणि पुस्तकातली दोन्ही प्रकरणं एका बाळात आली. आजार अत्यंत दुर्मीळ आहे, पण धाग्याच्या प्रश्नाला याहून स्वच्छ उत्तर मला माहीत नाही.

तुमच्या-माझ्यात फॉक्स-पी-३ शाबूत असतो. तिथे मामला अर्धवट ढिला पडतो, त्यात आनुवंशिकता, जंतू, हार्मोन असं बरंच मिसळतं. टीएच-१/टीएच-२ चुकीचं ठरलं असं नाही. ते अपुरं होतं.

---

निवडुंग

"गावाकडे मातीत खेळलं की अ‍ॅलर्जी होत नाही" हे ऐकून कान किटलेत, म्हणून लिहितो. आमच्याकडे शेतात काँग्रेस गवत काढायला जाणाऱ्यांचे चेहरे बघा. माझे काका जन्मभर मातीतच होते. पापण्या सुजलेल्या, मानेची आणि कोपराच्या खोबणीतली कातडी जाड, काळी, चिरा पडलेली. पावसाळा संपेपर्यंत रात्रभर खाजवायचे.

---

शेवंती

बरोबर. १९५५-५६ च्या सुमारास हे गवत पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं, परदेशी गव्हाबरोबर आलं असं सांगतात. त्याचा त्रास आयजीईचा कमी आणि टी पेशींचा जास्त, म्हणून गांधी न उठता कातडी जाड होत जाते. आणि जंतूंची जी गोष्ट कारेलियात दिसते ती पहिल्या एक-दोन वर्षांच्या वयातली. चाळिशीत शेतात राबून ती मिळत नाही.

---

खडीसाखर

निवडुंग, काकांना अ‍ॅझाथायोप्रिनबद्दल विचारलंय का कोणी? गवताच्या या त्रासासाठी दिल्लीच्या एम्समध्ये त्यावर चांगलं काम झालंय, देशभर वापरतात. हेच औषध ल्युपसला, हेच ऑटोइम्यून हिपॅटायटिसला. रक्ताच्या पेशी आणि लिव्हर नियमित तपासावं लागतं. मात्र कोणी 'शुद्ध आयुर्वेदिक' म्हणून पांढऱ्या पुड्या देत असेल आणि दोन दिवसांत चेहरा लख्ख होत असेल, तर त्यात स्टेरॉईड आहे असं समजा.

नवीन औषधांनी तर अ‍ॅलर्जी आणि ऑटोइम्यून यांच्यातली भिंत आणखी पातळ केली. बॅरिसिटिनिब संधिवातासाठी आलं. मग युरोपात एक्झिमासाठी मान्य झालं. २०२२ मध्ये अमेरिकेत चाईसाठी, म्हणजे डोक्यावर गोल टक्कल पडतं त्यासाठी. चाई ऑटोइम्यून आहे आणि चाई असलेल्यांत लहानपणचा एक्झिमा किंवा दमा जास्त वेळा आढळतो. सुरू करण्याआधी टीबीची तपासणी मात्र हवीच. आपल्या देशात ती टाळणं म्हणजे जुगार.

उलट अनुभवही आहे. ड्युपिलुमॅब अ‍ॅलर्जीची वाट नेमकी बंद करतं, एक्झिमाला उत्तम. पण त्यावर असलेल्या काही रुग्णांना सोरायसिससारखे चट्टे येतात. सोरायसिसच्या इंजेक्शनांवर काहींना एक्झिमा होतो. म्हणजे एक बाजू दाबली की कधीकधी दुसरी वर येते, उत्तरध्रुव यांची बीएस्सीची वही अगदीच टाकाऊ नाही!

---

अबोली_रंग

मला विचारायचंय ते गव्हाबद्दल. मुलीला टाईप १ डायबेटिस आहे, आता पोटही दुखतं, वजन वाढत नाही. नणंद म्हणते गव्हाची अ‍ॅलर्जी असेल, महिनाभर चपाती बंद करून बघ.

---

खडीसाखर

अबोलीताई, चपाती बंद करू नका, आधी तपासणी करा. टाईप १ असलेल्या मुलांत सीलिअ‍ॅक बऱ्यापैकी आढळतो, दोन्हींचा आनुवंशिक धोका काही प्रमाणात सामायिक आहे. टीटीजी-आयजीए ही रक्ताची तपासणी आणि सोबत एकूण आयजीए. गहू खाणं चालू असतानाच ती विश्वासार्ह असते. बंद केल्यावर अँटीबॉडी उतरतात आणि रिपोर्ट खोटा नॉर्मल येतो. गव्हाची अ‍ॅलर्जी वेगळी: ती खाल्ल्यावर मिनिटांत ते तासा-दोन तासांत दिसते, पित्त, उलटी, धाप. सीलिअ‍ॅक महिनोन्‌महिने चोरून आतडं पोखरतो.

---

शेवंती

सीलिअ‍ॅक मला शिकवायला फार आवडतो. ठिणगी बाहेरची, गव्हातलं ग्लुटेन. हल्ला मात्र स्वतःच्या आतड्यावर, अँटीबॉडी स्वतःच्याच एन्झाइमविरुद्ध. ग्लुटेन पूर्ण थांबवलं की आतडं भरून येतं. इतर बहुतेक ऑटोइम्यून आजारांत अशी ठिणगी काढून घेण्याची सोय अजून तरी नाही.

---

तांबडं_पांढरं

आमच्या भाचीला निघाला सीलिअ‍ॅक. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ सगळं चालतं म्हटल्यावर वहिनी निवांत झाल्या. भाकरी खाऊनही अँटीबॉडी उतरेनात. शेवटी आहारतज्ज्ञ बाईंनी विचारलं, दळण कुठून आणता? गिरणीत गव्हावरच ज्वारी दळून येत होती! आता घरघंटी घेतलीय. दुसरा चोर निघाला हिंग. डबीतल्या हिंगात मैदा मिसळलेला असतो, पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. खडा हिंग आणून कुटायचा.

---

अबोली_रंग

बापरे, हिंग! धन्यवाद सगळ्यांना. उद्याच तपासणीला जातो.

---

नाखवा

मी उशिरा आलो. वडिलांचं लिहितो, कोणाला तरी उपयोग होईल. पन्नाशीपर्यंत कधी शिंक नाही. मग दमा, नाकात मांसासारखं वाढलेलं, दोनदा ऑपरेशन. अ‍ॅलर्जी अ‍ॅलर्जी म्हणून इनहेलर चालू. नंतर डाव्या पायातली चप्पल निसटायला लागली, पाऊल उचलेना. मणक्याचा एमआरआय केला, त्यात काही नाही. एका तरुण डॉक्टरने साध्या सीबीसीत इओसिनोफिल (अ‍ॅलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) बघितल्या आणि म्हणाली, हा पाय आणि हा दमा एकच आजार आहे.

नाव ईजीपीए. रक्तवाहिन्यांना सूज येते आणि मज्जातंतूंचा रक्तपुरवठा तुटतो. स्टेरॉईड आणि इतर औषधांवर आहेत. पाय बराचसा सुधारला, पण आता चप्पल मागे पट्टा असलेलीच घालतात.

---

खडीसाखर

फार महत्त्वाची नोंद. चर्ग आणि स्ट्रॉस यांनी १९५१ मध्ये वर्णन केलेला आजार. मोठ्या वयात सुरू झालेला दमा, नाकातले पॉलिप आणि इओसिनोफिल खूप जास्त, यात मुंग्या, बधिरपणा किंवा पाऊल उचलता न येणं आलं की थांबू नये, संधिवाततज्ज्ञ गाठावा. यालाही इओसिनोफिल वाढलेल्या दम्याचं एक इंजेक्शन, मेपोलिझुमॅब, अमेरिकेत २०१७ पासून मान्य आहे.

---

सुपारी_कातरणारी

हे सगळं वाचून भीती वाटायला लागली. मला धुळीची सर्दी लहानपणापासून आहे, आता थायरॉईडच्या अँटीबॉडी. पुढे ल्युपस रांगेत उभा आहे का?

---

शेवंती

नाही हो. ब्रिटनमध्ये २ कोटी २० लाख लोकांच्या नोंदींचा अभ्यास २०२३ मध्ये आला. एकोणीस ऑटोइम्यून आजार मिळून साधारण दहातल्या एकाला त्यातलं काहीतरी असतं, बायकांत तेरा टक्के, पुरुषांत सात. म्हणजे हे आजार एकत्रितपणे भरपूर आहेत, आणि त्यात थायरॉईडसारखे सांभाळता येणारेच बरेच. अ‍ॅलर्जी असलेल्यांत धोका थोडा जास्त दिसतो, पण लोकसंख्येच्या पातळीवर. धुळीची सर्दी असलेले बहुसंख्य लोक शिंकत शिंकत ऐंशी वर्षांचे होतात. आमचे सासरे त्यातलेच.

---

सुपारी_कातरणारी

:) बरं वाटलं. शेवटचा प्रश्न. धुळीसाठी त्वचेवर टोचून करतात ती अ‍ॅलर्जीची चाचणी करायची आहे आणि पित्ताची गोळी रोज चालू आहे. चालेल का?

---

खडीसाखर

नाही. अँटीहिस्टामाइन चालू असेल तर त्वचेवर गांधीच उठत नाही आणि चाचणी खोटी निगेटिव्ह येते. पाच ते सात दिवस आधी बंद करावी लागते. तेवढे दिवस पित्ताने जीव नकोसा होणार असेल तर रक्तातली आयजीई तपासून घ्या, तिला गोळीने फरक पडत नाही. आणि पित्त ऐन जोरात असताना त्वचेची चाचणी करूच नका, नुसतं टोचलं तरी फुगतं, मग कशाची अ‍ॅलर्जी आणि कशाची नाही हे कोणालाच वाचता येत नाही.